घरी खेळायला पूलची चांगली क्यू: कोल्हापुरात बसून काय बघून घ्यावी?

तिसरी_गल्ली

नमस्कार मंडळी,

घराच्या वरच्या मजल्यावर सात फुटी पूल टेबल बसवलंय. स्लेटचं आहे, लेव्हल नीट झालीय, कापड नवं आहे. अडलंय ते क्यूपाशी, म्हणजे बॉल मारायच्या काठीपाशी. टेबलाबरोबर दोन काठ्या आल्या. एक नुसत्या नजरेलाही वाकडी दिसते, आणि दुसरीची टिप, म्हणजे टोकावरचं चामडं, इतकी कडक आणि गुळगुळीत आहे की वर घासायचं चॉक धरतच नाही. आता एक तरी क्यू अशी घ्यायचीय जी वर्षानुवर्षं साथ देईल.

कॉलेजात असताना राजारामपुरीत पार्लरमध्ये भरपूर खेळलोय, त्यामुळे हात बसलेला आहे. पण तिथं रॅकमधली मिळेल ती काठी उचलायची. स्वतःची घेताना काय बघतात ते कधी शिकलोच नाही. खेळणार मी, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. मुलीला खेळाची फारच गोडी लागलीय. बजेट दहा हजारापर्यंत, त्यात सगळं.

लाकूड कुठलं असावं? वजन १८ औंस की २०? कार्बन फायबरचे शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा बारीक भाग, घरच्या खेळाला लागतात का? आणि ऑनलाइन मागवावी की पुण्या-मुंबईला जाऊन हातात धरूनच घ्यावी? खोली आतून १२ बाय १६ फूट आहे, टेबल बरोबर मधोमध.

निवांत_रंकाळा

लाकडाचं नंतर बघू. आधी टेप घ्या.

सात फुटी टेबलाचं खेळायचं माप, म्हणजे कुशनच्या (कडेच्या रबरी गादीच्या) नाकापासून समोरच्या नाकापर्यंत, साधारण ७८ बाय ३९ इंच असतं. तुमची खोली १२ फूट रुंद, म्हणजे १४४ इंच. ३९ वजा केले की १०५ उरतात, दोन बाजूंना वाटले की साडेबावन्न. पूलची नेहमीची क्यू ५८ इंचांची. म्हणजे पांढरा बॉल लांब कुशनला चिकटला आणि समोर आडवं मारायचं झालं, की क्यूचं बूड भिंतीत. लांबीच्या अंगाला १९२ मधून ७८ गेले, उरले ११४, एका बाजूला ५७. तिथंही जेमतेमच.

म्हणून ५८ ची घेऊच नये असं मी म्हणत नाही. बॉल कुशनपासून दीड-दोन फूट आत असला, किंवा शॉट तिरका, टेबलाच्या लांबीकडं झुकलेला असला की ती बिनघोर चालते, आणि बहुतेक शॉट तसेच असतात. पण जोडीला एक छोटी क्यू हवीच. ती ४८ इंची घ्या. दुकानदार ५२ ची दाखवतील, पण साडेबावन्न इंचांच्या जागेत बावन्न इंची काठी घालून हात मागं ओढणार कुठं? ४८ ची मुलीच्या हातालाही बसेल.

टेबल एका भिंतीकडं सरकवायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. एक बाजू मोकळी होते खरी, पण दुसरी कायमची जाते. आणि जागा नाही म्हणून बूड वर उचलून मारायची सवय मुलीला लावू नका. क्यू तिरकी पडली की नकळत जरा बाजूला लागलं तरी बॉल वाकडा पळतो, आणि नवं कापड टिपेखाली चेचलं जातं ते वेगळंच.

डायल_गेज

भावा, लाकडाचं नाव शेवटी विचार. आधी सरळपणा.

आमचं उद्यमनगरात टर्निंगचं काम आहे. ओळखीची पोरं क्यू घेऊन येतात, "वाकडी आहे का बघा" म्हणून. दुकानात काय करतात, जोडलेली क्यू टेबलावर लोळवतात आणि टिप डुगडुगली की वाकडी ठरवून मोकळं होतात. दरवेळी तसं नसतंय. शाफ्ट वाकलेला असू शकतोय, बट, म्हणजे मागचा जाड भाग, वाकलेला असू शकतोय, नाहीतर दोन्ही सरळ असतात पण दोघांच्या जॉइंटची तोंडं काटकोनात सपाट कापलेली नसतात. म्हणून आधी क्यू सोडवायची आणि दोन्ही भाग वेगळे लोळवायचे. शाफ्ट एकटा गप लोळला, बटही गप लोळला, आणि जोडल्यावर टिप हलली, तर दोष जॉइंटचा. तो चांगल्या लेथवर काढता येतो. शाफ्टच वाकडा असला तर मात्र ठेव खाली आणि पुढं चल. वाफ देऊन, वजन लटकवून सरळ केलेला शाफ्ट पुढच्या पावसाळ्यात परत मूळ पदावर येतोय.

आम्ही दोन व्ही ब्लॉकवर शाफ्ट ठेवतो, मधी डायल, म्हणजे वाक दाखवणारं सुईचं गेज, लावतो आणि हळूहळू फिरवतो. एक ध्यानात ठेवायचं: फिरवताना शाफ्ट पुढंमागं सरकू द्यायचा नाही. त्याला टेपर असतोय, टोकाकडं निमुळता होत जातोय. सरकला की सुई टेपरच दाखवते आणि सरळ शाफ्टसुद्धा वाकडा ठरतोय. सुई जरा हलणारच, लाकूड आहे. एकाच जागी, दर फेऱ्याला तेवढीच आणि ठसठशीत उसळत असली तर ती वाक.

दुकानात डायल कुठला? तिथं ट्यूबलाइट वापर. शाफ्ट डोळ्यापाशी धरून ट्यूबकडं रोख. वार्निशवर उजेडाची एक बारीक रेघ उमटते. शाफ्ट बोटांत फिरव. रेघ टिपेपासून जॉइंटपर्यंत न मोडता राहिली पाहिजे.

मग लाकडाच्या रेषा बघ. त्या लांबीला धरून सरळ गेल्या पाहिजेत. मधीच तिरक्या होऊन अंगावरून बाहेर पडत असल्या तर आज सरळ दिसणारा शाफ्टही उद्या फिरणार. जॉइंट आवळून दोन तोंडांच्या मधी उजेड दिसतो का बघ. शेवटी बूड तळहातावर हलकं आपट. खुळखुळलं तर आतला वजनाचा बोल्ट ढिला आहे. ते मोठं दुखणं नाही, बुडाचं रबर काढून आवळता येतंय.

जॉइंट स्टीलचा की लाकडाला लाकूड, यावर लोक तासन्‌तास भांडतात. घरच्या खेळाला दोन्ही चालतात. नीट बसलेला पाहिजे, एवढंच.

जुना_मार्कर

मी बरीच वर्षं एका क्लबात मार्कर होतो. बिलियर्ड्स आणि स्नूकरची टेबलं सांभाळली, क्यूच्या टिपा बसवल्या, मुलांना हात धरून ब्रिज, म्हणजे क्यू टेकवायची पुढच्या हाताची ठेवण, शिकवली. म्हणून लिहितो.

आपल्याकडे दुकानात जाऊन "चांगली क्यू दाखवा" म्हटलं तर पुष्कळदा स्नूकरची क्यू पुढे येते. त्यात नवल नाही. आपल्या देशात मान होता तो बिलियर्ड्स आणि स्नूकरला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि आजच्या मुलांना त्यांचं नाव सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. असो.

स्नूकरची क्यू बहुधा ॲश लाकडाची, टिप साडेनऊ ते दहा मिलिमीटरची, फेरूल, म्हणजे टिपेखालची टोपी, पितळेचं. ती ५२.५ मिलिमीटरच्या बॉलसाठी असते. तुमच्या टेबलावरचे बॉल ५७.१५ मिलिमीटरचे असणार, म्हणजे सव्वादोन इंची, आणि स्नूकरच्या बॉलपेक्षा चांगलेच जड. बारीक टिपेनं ते मारता येतात, पण ब्रेकला, म्हणजे डावाच्या सुरुवातीला बॉल फोडताना, आणि जोराच्या शॉटला पुढचं टोक दबतं, फेरूलवर ताण येतो. पूलची टिप साधारण पावणेतेरा ते तेरा मिलिमीटरची असते. घ्यायच्या आधी बॉलही मोजून घ्या. काही छोटी टेबलं इंग्लिश पद्धतीची, लहान बॉलची असतात. तसं असेल तर उत्तर बदलतं.

लाकडाबद्दल विचारलंत. शाफ्ट उत्तर अमेरिकेतल्या हार्ड मेपलचा असावा. ॲशच्या रेषा उघड्या, बोटाला जाणवतात. स्नूकरच्या खेळाडूला त्या रेषांवरून क्यू दरवेळी तशीच धरली आहे का ते कळतं. मेपल भरीव आणि बारीक पोताचा, हातातून सुळकन जातो. टेबलाबरोबर फुकट येतात त्या काठ्या पुष्कळदा रामिनच्या असतात. ते आग्नेय आशियातलं लाकूड, दिसायला बरं, पण आपल्या हवेत लवकर वाकतं. तुमची वाकडी निघालेली कदाचित त्यातलीच.

बट कुठल्याही टणक लाकडाचा चालेल. शिसवाचा असला तर सुंदरच दिसतो. बटावरच्या नक्षीचे पैसे मात्र शाफ्टच्या पैशांतून काढू नका.

पांढरा_बॉल

मार्करकाकांना नमस्कार. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

डिफ्लेक्शनबद्दल, म्हणजे पांढरा बॉल बाजूला सरकण्याबद्दल, कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पांढऱ्याला मधोमध न मारता डावीकडे मारलं, तर तो क्यूच्या रेषेत सरळ न जाता किंचित उजवीकडे फेकला जातो. टिप जेवढ्या क्षणापुरती बॉलला चिकटून असते तेवढ्यात बॉल शाफ्टच्या पुढच्या टोकाला बाजूला ढकलतो, आणि तेवढाच तो स्वतः उलट बाजूला सरकतो. पुढच्या काही इंचांतलं वजन जितकं जास्त तितकं हे सरकणं जास्त. म्हणून लो डिफ्लेक्शन शाफ्टमध्ये पुढचं टोक आतून पोकळ करतात, फेरूल आखूड आणि हलकं ठेवतात. कार्बन फायबरमध्ये हे आणखी साधतं, शिवाय तो पावसाळ्यात वाकत नाही. माझ्या मते ज्याला साइड स्पिन, म्हणजे बाजूला मारून बॉलला फिरकी देणं, मनापासून शिकायचंय त्यानं पहिल्यापासून असा शाफ्ट घ्यावा. नंतर सवय बदलणं अवघड जातं.

जुना_मार्कर

शास्त्र बरोबर आहे तुमचं. पण त्यांच्या टेबलाचं माप बघा. हे सरकणं अंतराबरोबर वाढतं. नऊ फुटी टेबलावर पांढरा टेबलभर लांब पाठवायचा तेव्हा चूक डोळ्यात भरते. सात फुटीवर बहुतेक शॉट दोन-तीन फुटांचे. तिथं साधा मेपल शाफ्ट पुरतो. एकच क्यू कायम वापरली की तिचं सरकणं हाताला आपोआप कळतं आणि नेम तसा धरला जातो. आणि नावाजलेल्या कंपनीचा कार्बन शाफ्ट एकटाच त्यांच्या बजेटच्या कितीतरी वर जाईल. स्वस्तातल्या कार्बनवर माझा भरवसा नाही.

पांढरा_बॉल

अंतराचा मुद्दा मान्य काका. सवयीचा नाही. मुलगी अकरा वर्षांची आहे, ती उद्या मोठ्या टेबलावर गेली तर? पण बजेट दहा हजारच असेल तर मीही साधा चांगला मेपलच सुचवेन. फक्त जॉइंटचा पिन, म्हणजे दोन भाग जोडणारा स्क्रू, प्रचलित मापाचा बघून घ्या, म्हणजे पुढे फक्त शाफ्ट बदलता येईल, बट तोच राहील. ५/१६ बाय १८ आणि ३/८ बाय १० हे पिन पुष्कळ कंपन्या वापरतात. पेटीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. नसेल तर विचारून लिहून घ्या.

सायंतारा

वजनाचं उत्तर राहिलंच की!

पूलच्या क्यू १८ ते २१ औंसांच्या मिळतात, म्हणजे साधारण ५१० ते ५९५ ग्रॅम. मी आणि माझा नवरा दोघं एकच क्यू वापरतो, १९ औंसांची, आणि दोघांनाही ती जड वाटत नाही, हलकीही वाटत नाही. जड क्यूनं जोर येतो असं पुरुषमंडळी सांगतात, पण जोर हाताच्या वेगानं येतो, आणि जड क्यू तितक्या वेगानं पुढे जात नाही. बुडातला बोल्ट बदलून वजन कमीजास्त करता येतं अशी घेतलीत तर हा प्रश्न कायमचा मिटेल.

वजनापेक्षा तोल बघा. क्यू एका बोटावर तोलून धरा. बुडापासून सतरा-अठरा-एकोणीस इंचांच्या आसपास तुलली तर बहुतेकांना बरी वाटते. फार मागे तुलली तर पुढचं टोक तरंगतं आणि ब्रिजमध्ये स्थिर राहत नाही. तुमच्या मिसेसना क्यू हातात घेऊन बघायला सांगा. घरात तिघं खेळणार असाल तर एकट्याच्या हातानं ठरवू नका.

रॅप, म्हणजे बटावरची पकड, सुती दोऱ्याची, आयरिश लिननची, चामड्याची किंवा नुसतं लाकूड. आपल्याकडे मे महिन्यात तळहात घामेजतात. मला लिनन आवडतं, घाम शोषतं. काहींना नुसतं लाकूडच बरं वाटतं, पुसलं की स्वच्छ.

पावसाळ्यात डाव्या हाताच्या बोटांत शाफ्ट चिकटतो. त्यावर टाल्कम पावडर लावतात ती लावू नका. चार दिवसांत कापड पांढरंफटक होतं. तीन बोटांचा क्यू ग्लव्ह मिळतो, तो घ्या.

चामडं_आणि_टाका

तिसरी गल्ली, दुसऱ्या काठीची टिप चॉक धरत नाही म्हणालात, त्यावर.

आमचं घराणं चपलांच्या धंद्यातलं. चामडं कळतं, आणि पूलही खेळतो, म्हणून एक प्रश्न मला नेहमी येतो: कोल्हापुरी चपलेच्या चामड्याची टिप करता येईल का? मी करून बघितली आहे. म्हशीचं झाडपाल्यात कमावलेलं तळाचं चामडं घेतलं, ठोकून दाबलं, गोल कापलं. बसते छान. पण थोडे दिवस खेळलं की बाजूनं फुगून छत्री होते, आणि एका अंगानं लवकर झिजते, कारण एकसंध चामड्यात तंतूंची दिशा आणि घट्टपणा जागोजागी वेगळा असतो. म्हणून आता थरांच्या टिपा करतात. डुकराच्या कातड्याचे पातळ पदर एकावर एक चिकटवून दाबतात. झिजल्या तरी सारख्या झिजतात आणि आकार धरून राहतात.

क्यूवर चामडं लावायची कल्पना फ्रान्सच्या फ्रँस्वा मँगो नावाच्या कॅप्टनची, १८०७ च्या सुमाराची, असं मानतात. त्याआधी नुसत्या लाकडी टोकानं मारायचे. मध्यापासून जरा हललं की निसटायचं. सगळा स्पिन या बोटाच्या पेराएवढ्या चामड्यावर उभा आहे. म्हणून मी तर म्हणेन, दहा हजारातले टिपेचे पैसे आधी बाजूला काढा.

घरी खेळायला मध्यम कडकपणाची थरांची टिप घ्या. मऊ टिप चॉक छान धरते पण सतत आकार द्यावा लागतो. कडक टिप टिकते पण घोटली जाऊन गुळगुळीत होते, तुमच्या त्या काठीसारखी. ती टाकू नका. टिप स्कफरनं किंवा जाड पॉलिश पेपरनं हलकं खरडा, परत चॉक धरेल. ती काठी फक्त ब्रेकला ठेवा. नवी क्यू ब्रेकच्या दणक्यातून वाचेल.

आकार किती गोल हवा हे अमेरिकेत त्यांच्या पाच सेंटच्या नाण्यावरून मोजतात. आपलं एक रुपयाचं लहान स्टीलचं नाणं जवळपास त्याच मापाचं. टिपेमागं नाणं धरा. टिपेचा बाक नाण्याच्या कडेशी जुळला की झालं. याहून सपाट असेल तर बाजूला मारताना मिसक्यू, म्हणजे टिप बॉलवरून निसटणं, जास्त होतात.

डायल_गेज

टिप बदलायची झाली तर कोणत्याही लेथवाल्याकडं शाफ्ट टाकून जाऊ नको. लेथच्या चकचे जबडे थेट लाकडावर आवळले की तीन डाग कायमचे. कोलेट, म्हणजे चौफेर सारखी धरणारी पकड, पाहिजे, नाहीतर निदान टेप गुंडाळून हलका धरायला पाहिजे. आणि आमच्यातल्यांना सवय असते की हाताला आलं ते पॉलिश पेपरनं चकचकीत करायचं. शाफ्टला पॉलिश पेपर लावू द्यायचा नाही. दरवेळी थोडं लाकूड जातंय, तेरा मिलिमीटरचा शाफ्ट हळूहळू बारीक होतोय आणि वरचा थर गेला की ओल आत शिरायला मोकळी.

टिप घरीही बसते. फेरूलचं तोंड सपाट ठेवायचं, तिथंच सगळी मेख आहे. टिपेचा तळ सपाट पेपरवर घासून खरखरीत करायचा, जेलचा सुपरग्लू एक थेंब, दाबून धरायचं आणि वाळू द्यायचं. पातळ सुपरग्लू नको, तो चामड्यात भिनतोय आणि टिप दगड होते. टिप फेरूलपेक्षा जरा मोठी येते. टोक खाली करून पाटावर टेकवायचं आणि कडेचं जादा चामडं नव्या ब्लेडनं फेरूलच्या बरोबरीनं कापायचं. फेरूलला टेप लावून घ्यायची, ओरखडा येत नाही.

तिसरी_गल्ली

एवढ्या मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. खोलीचं माप पुन्हा घेतलं, रंकाळाकरांचं गणित तंतोतंत जुळतंय. बॉल मोजले, सव्वादोन इंची आहेत.

दोन शंका उरल्यात. ऑनलाइन मागवली तर ट्यूबलाइटची परीक्षा घरी आल्यावरच होणार. आणि आपल्याकडचा पाऊस. वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला जूनपासून ओल असते.

निवांत_रंकाळा

ऑनलाइनला माझी हरकत नाही, परत घेतील की नाही ते आधी वाचा. "लाकूड नैसर्गिक असल्याने किंचित वाक दोष समजू नये" असं बारीक अक्षरात असेल तर तिथं घेऊ नका. विक्रेत्याला मेसेज करून तुमच्याच क्यूच्या शाफ्टचा, टिपेकडून डोळा लावून काढलेला फोटो मागा. चांगला विक्रेता देतो. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि पावसात आलेलं पार्सल लगेच उघडून लगेच निकाल देऊ नका. शाफ्ट खोलीच्या हवेत एक रात्र आडवा ठेवा, मग बघा. परत करायची मुदत तेवढी असतेच.

पुण्याला जाणं होणारच असेल तर हातात धरून घेण्याची सर कशाला नाही.

सायंतारा

ओलीबद्दल. पश्चिमेच्या भिंतीला क्यू स्टँड लावू नका, आतल्या भिंतीला लावा. आणि क्यू भिंतीला तिरकी टेकवून कधीच ठेवायची नाही. स्वतःच्या वजनानं वाकते, ओल असली की लवकर. सोडवून पेटीत आडवी, किंवा रॅकमध्ये अगदी सरळ उभी. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि त्या अधूनमधून बदला. आम्ही शाहूपुरीत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या भागात पाणी होतं, तेव्हापासून क्यूची पेटी कपाटाच्या वरच्या खणात.

खेळून झालं की शाफ्ट कोरड्या सुती फडक्यानं पुसायचा. निळा थर जमला तर फडकं जेमतेम ओलसर करून, लगेच कोरड्यानं. मग मऊ चामड्याच्या तुकड्यानं जोरात घासायचं, शाफ्ट गरम झालेला हाताला कळेपर्यंत. त्यानं वरचे तंतू बसतात. पावसाळ्याच्या तोंडावर शाफ्टसाठी मिळणारं कारनोबा मेण एक हात लावायचं.

एप्रिल-मेमध्ये उलटी काळजी. बंद गाडीत क्यू राहू द्यायची नाही.

पांढरा_बॉल

सायंतारा ताई, फडकं ओलसरही नको असं मला वाटतं. कोरडं फडकं आणि चामडं पुरतं. मेपलला पाणी दाखवायचंच कशाला?

सायंतारा

चॉक रेषांत बसल्यावर कोरड्यानं निघत नाही हो. जेमतेम ओलसर म्हटलंय, पिळून घट्ट. आमचा शाफ्ट अजून सरळ आहे.

तिसरी_गल्ली

घेतली!

पुण्याला लग्नाला जायचं होतंच, तिथं एका दुकानात दुपार घालवली. हार्ड मेपलचा शाफ्ट, बट साधा गडद रंगाचा, एकही नक्षी नाही, लिननची पकड, १९ औंस, बोल्ट बदलता येतो. पिन ५/१६ बाय १८. दुकानदारानं आधी मोत्याच्या शिंपल्याची नक्षी असलेली पुढं केली होती. तिचा शाफ्ट ट्यूबलाइटखाली धरला तर रेघ जॉइंटजवळ मोडत होती. दुसरा उचलला, तोही तसाच. मग साध्या क्यूंमधून एकेक सोडवून बघत गेलो. दुकानदारानं स्वतःहून स्टूल आणून दिलं आणि शेवटी तोही माझ्याबरोबर रेषा बघत बसला. बायकोनं तोलून बघितली, तिला अठरा इंचांवर तुललेली आवडली, तीच घेतली. थरांची मध्यम टिप दुकानातच बसवून मिळाली. ४८ इंची वेगळी घेतली, एकसंध, साधी. सगळं मिळून बजेटात बसलं, ग्लव्हसुद्धा.

काल लांब कुशनला चिकटलेला पांढरा मुलीनं ४८ च्या क्यूनं, बूड न उचलता, सरळ मारला आणि समोरच्या मधल्या पॉकेटात आठ नंबर घातला. मार्करकाका, तुम्हाला सांगायचं होतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता एक लहानसं. चॉकचे दोन खडे आले होते, त्यातला एक हरवला. मुलगी शाळेच्या खडूनं काम भागवू म्हणते. चालेल का?

जुना_मार्कर

वाचून फार बरं वाटलं. तिला शाबासकी सांगा.

शाळेचा खडू नको. क्यूच्या चॉकमध्ये तो खडू नसतोच. १८९७ साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून ते सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या करकरीत भुकटीचं करतात, म्हणून टिप बॉलला धरते. शाळेचा खडू भुसभुशीत, टिपेवरून गळून कापडावर पडेल आणि मिसक्यू होतील. दुसरा खडा कापडाच्या रंगाचा घ्या, डाग कमी दिसतात.

लावायची पद्धत तिला आत्ताच दाखवा. खड्याच्या खळग्यात टिप घालून गरागरा फिरवायची नाही. तसं केलं की खळगा खोल होतो आणि चॉक टिपेऐवजी फेरूलला लागतं. क्यू तिरकी धरायची, खडा टिपेच्या कडेवरून हलक्या हातानं पुसत जायचं आणि क्यू थोडी थोडी फिरवायची. टिप सगळीकडं सारखी निळी दिसली की थांबायचं. दर शॉटला.